चारुदत्त सर गप्प बसतात

भांबखेडच्या जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत सातव्या वर्गात एक खुर्ची आहे. शाळेतलं बाकी लाकूडसामान हातपाय मोडून पडलंय, पण ही खुर्ची अजून दुकानातून कालच आणल्यासारखी दिसते. कारण ती चारुदत्त सरांची आहे. तिच्यावर हेल्मेट बसतं, डबा बसतो, एकदा मुख्याध्यापकांची पिशवी दिवसभर बसली होती. सर बसलेले कोणी पाहिलेले नाहीत.

आता हे घराणं तसं बसणाऱ्यांचंच. यवतमाळात यांचे आजोबा तहसीलीत बसले, वडील कोषागारात बसले, थोरले भाऊ अजून कोर्टात बसतात. तीन पिढ्यांचं हे बसणं या धाकट्या मुलापाशी येऊन एकदम उभं राहिलं. रोज सकाळी सर मोटारसायकलवरून बोरी अरबच्या पुढे भांबखेडला येतात आणि येता येता वाटेत त्यांना नवा उपक्रम सुचतो. बोरी अरबपर्यंत काही सुचलं नाही तर त्यांना अस्वस्थ वाटतं. मग उरलेल्या रस्त्यात दोन सुचतात.

शाळेच्या पायऱ्यांवर पाढे लिहिलेले आहेत, ते सरांनी लिहिले. हातपंपाच्या दांड्यावर विरुद्धार्थी शब्द आहेत, तेही सरांचेच. झाडांना नावांच्या पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या होत्या. त्या बकऱ्यांनी खाल्ल्या. सोमवारी सुरू झालेला उपक्रम गुरुवारपर्यंत जुना व्हायचा, कारण तोवर सरांच्या डोक्यात त्याहून चांगला आलेला असे.

"अरे राजा," मुख्याध्यापक श्रीकृष्ण सर म्हणायचे, "पेरलेलं उगवू तं दे. तू रोज नवीन पेरून राह्यला. पोरं वावर हाय का प्रयोगशाळा?"

"सर, पोरं पुढे गेली पाहिजेत!"

"जातीन ना बापा. तू जरासा बाजूले हो."

श्रीकृष्ण सर निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. चालताना त्यांची चप्पलसुद्धा आवाज करत नसे. त्यांचं म्हणणं चारुदत्त सर आदराने ऐकत, म्हणजे ते पूर्ण व्हायच्या आत ऐकत.

कारण सरांना एक खोड होती. त्यांना कुणाचंही वाक्य संपेपर्यंत धीर निघत नसे. वर्गात तर त्यांनी यावर शिकवण्याची एक आख्खी पद्धतच उभारली होती. सर अर्धा शब्द टाकायचे आणि उरलेला अर्धा वर्गाने उचलायचा.

"आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक का…?"

"…पूस!"

"कापसाला लागते काळी ज…?"

"…मीन!"

"शाब्बास! म्हणजे तुम्हाला सगळं ये…?"

"…तंऽऽ!"

व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटावं, केवढा हुशार वर्ग. सरांनाही तसंच वाटे. ही खोड घरीही जायची. त्यांची बायको स्पृहा यवतमाळातल्या विमा कार्यालयात होती. एकदा ती म्हणाली, "अहो, तुम्ही मला 'पोहे झाले का' विचारता, 'झाले' असंही तुम्हीच म्हणता आणि वर 'छान झाले' म्हणून गाडीला किक मारता. पोहे कढईतच आहेत."

या अर्ध्या शब्दांच्या खेळात सगळ्यांत तरबेज होती सलोनी. सातवीत, पहिल्या रांगेत, भिंतीकडेला. तिचे वडील घनश्याम पांढरकवड्याच्या एका मालकाचा ट्रक चालवत, आई तिकडेच हायवेवरच्या धाब्यावर स्वयंपाकाला. पोरगी इकडे आजीजवळ, मैनाबाईजवळ. सरांनी "महा" म्हणेपर्यंत तिचं "राष्ट्र" बाहेर आलेलं असे. पाठ वाचायला उभं केलं की ती आगगाडीसारखी सुटायची, स्वल्पविरामाच्या स्टेशनावरसुद्धा थांबायची नाही.

दसऱ्यानंतरच्या पालक सभेत सरांनी तिला पुढे बोलावलं, पहिला पाठ वाचायला लावला आणि जाहीर केलं, "सलोनी म्हणजे आपल्या शाळेची नंबर एक वाचक!"

मागे, चपलांजवळ बसलेल्या मैनाबाईकडे सगळ्या बायांनी वळून पाहिलं. मैनाबाईने पदर सारखा केला आणि एकदम पुढच्या सतरंजीवर येऊन बसली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर श्रीकृष्ण सरांनी ठरवलं की सातवीच्या प्रत्येक मुलाची वाचनाची तपासणी घ्यायची. सहामाहीच्या पेपरात अर्ध्या मुलांनी प्रश्नाखाली पुन्हा प्रश्नच लिहून ठेवले होते. पद्धत साधी होती. एकेक मूल कडुलिंबाखाली बोलवायचं, पूर्वी कधी न पाहिलेला कागद द्यायचा आणि शिक्षकाने ऐकायचं.

सलोनी आली तेव्हा सर अर्थातच उभे होते.

"हं, वाच. एका गा…"

"…वात!"

"एक म्हा…"

"…तारा!"

"कुं…"

"…भार!"

"उत्तम!" सर पेन उघडतात न उघडतात तोच त्यांचा फोन वाजला. वर कुणाला तरी, शाळेने लावलेल्या रोपांपैकी किती जिवंत आहेत, हे तातडीने हवं होतं. सरांना उभ्या उभ्या फोनवर बोलता येत नाही, चालावं लागतं. ते फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. रोपांचा हिशोब देऊन झाडाखाली आले तर सलोनीचं बोट अजून कुंभारावरच होतं.

"अगं, पुढे का नाही वाचलं?"

सलोनीने त्यांच्याकडे अगदी सरळ पाहिलं. "सर, तुमी नोहते ना इथं."

सर हसले. मग त्यांनी फोन खिशात टाकला.

"बरं, आता मी आहे. पण बोलणार नाही. वाच."

सलोनीने कागद हातात धरला. पण ती कागदाकडे बघत नव्हती, सरांच्या ओठांकडे बघत होती. ओठ हलत नाहीत म्हटल्यावर तिचे डोळे खाली गेले, अक्षरांवर भिरभिरले आणि पुन्हा वर आले. दोन वर्षं ही पोरगी पुस्तक वाचत नव्हती, सरांना वाचत होती. पहिला पाठ तिने वर्गाच्या कोरसात ऐकून ऐकून पाठ केला होता. अक्षरं तिला सुटी सुटी ओळखता येत होती. काना-मात्रा लागून ती एकमेकांना चिकटली की सगळी एकदम अनोळखी होत होती.

"कोनाले सांगू नका," ती अगदी हळू म्हणाली. "आजीले तं नाहीच."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

हे एवढं बोलायला सर पहिल्यांदा तिच्या उंचीवर, म्हणजे उकिडवे बसले होते.

त्या संध्याकाळी चारुदत्त सरांनी घरी जेवता जेवता तीनदा उठून पाणी आणलं. तांब्या भरलेलाच होता. नाव न सांगता त्यांनी स्पृहाला सगळं सांगितलं. "माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, स्पृहा! मग बाकीच्यांचं काय असेल?"

"मग आता? नवीन उपक्रम?"

"तीन सुचलेत."

"बाकीचे दोन कुणाला दान करा," स्पृहा म्हणाली. "आणि उरलेला पण."

दुसऱ्या दिवशी श्रीकृष्ण सरांनीही नाव विचारलं नाही. एका मुलाचं असं असं आहे, एवढं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "खिचडी झाली का रोज त्या लेकरासंगं बस. नवीन पुस्तक दे, मोठ्या अक्षराचं. त्याले वाचू दे. तू बोलू नको."

"एवढंच?"

"येवढंच करून दाखव."

बसायची जागा ठरली ती तांदळाच्या कोठीशेजारची खोली. तिथे वाचनालयाच्या पेट्या होत्या. सलोनी सरांना पुस्तकं लावायला मदत करते, असं बाकीच्या मुलांना सांगितलं. दाराशी खिचडी शिजवणाऱ्या बेबीताईचा वावर; ती सलोनीच्या घराशेजारचीच. पहिल्या दिवशी सर जमिनीवर मांडी घालून बसले, तेव्हा बेबीताईने हातातला झारा खाली ठेवला.

"सर, बरं नाही वाटून राह्यलं का? चक्कर आली?"

पुस्तक एका शेळीचं होतं. शेळी एसटी बसमध्ये चढते, अशी गोष्ट. सलोनीने "शे" म्हटलं. मग "ळी" शोधायला लागली. तेवढ्या वेळात सरांच्या मनात गोष्ट संपली, पुस्तक संपलं, पेटीतली सगळी पुस्तकं संपली. त्यांच्या पायाचा अंगठा वळवळायला लागला.

"ळी!" सरांच्या तोंडून उडालं.

"शेळी," सलोनी खुशीत म्हणाली आणि लगेच पुढच्या शब्दासाठी त्यांच्या ओठांकडे बघायला लागली.

त्या दिवशी संपूर्ण पान सरांनीच वाचलं म्हणायला हरकत नाही. ते हात चोळत श्रीकृष्ण सरांकडे गेले, तर त्यांनी खिशातून डबी काढली. "घे. आवळासुपारी. तोंडात धरजो, चावजो नको. जितका वेळ तोंडात आहे तितका वेळ माणूस ऐकते."

हा उपाय कामाचा निघाला. तोंडात सुपारी, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले आणि नजर वरच्या टिनाच्या पत्र्यावर, अशा अवस्थेत चारुदत्त सर रोज खिचडीनंतर बसू लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणसाची दाढ काढून राह्यले. त्यांच्या कपाळाला घाम यायचा. एखाद्या शब्दावर सलोनी अडकली की सर सगळं अंग आवळून घ्यायचे, आणि ती सुटली की तेही सुटायचे. शब्द तिचा, पण दम यांना लागायचा.

एका दुपारी ती एका शब्दाशी येऊन थांबली ती थांबलीच. बाहेर पोरांचा दंगा संपला, बेबीताईची भांडी घासून झाली. सर गुडघे हलवत होते, त्या तालावर पेटीचं झाकण वाजत होतं. सलोनीने शब्दाचे तुकडे केले, पुन्हा जोडले, चुकीचे जोडले, पुन्हा फोडले.

"कं… डक… कंडक… कंडक्टर!" ती ओरडली. "सर, हा कंडक्टर हाय! शेळीनं कंडक्टरकडे पाह्यलं!" आणि ती जी हसत सुटली ती थांबेना. "सर, शेळी तिकीट काढते का आता?"

सरांनी सुपारी गिळली. पुढे काय होतं हे ते सांगणार तेवढ्यात तिने पान उलटलं होतं.

अशात मैनाबाई आली. शाळेच्या फाटकातच तिने सरांना गाठलं. कापूस फुटला होता. तिची मोठी लेक सत्यभामा मारेगावकडची. तिथून वेचायला या म्हणून सांगावा आला होता. येत्या बाजाराच्या दिवशी गावातल्या बबलूची काळीपिवळी जीप बाया घेऊन जाणार होती.

"सलोनीलेबी नेतो संगं. संक्रांत झाली का येऊ. नाहीतं थे तिकडंच राहीन मावशीपाशी."

"अहो आजी, शाळा…"

"शाळा तं झाली ना जी! तुमीच म्हनलं सभेत, नंबर एक वाचते मनून. वाचता येते, आता अजून काय राह्यलं? माह्या तीन पिढ्यांत कोनाले वाचता आलं नाही. हिले आलं. झालं माय आपलं काम."

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की सरांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. सलोनीला दिलेली शपथ मोडवेना.

"गणित राहिलंय अजून," ते कसेबसे म्हणाले.

"गनित? बाजारात काट्यावरचा मानूस हिले भेते!" मैनाबाई हसत निघून गेली.

त्यानंतर सर वर्गात इतके फिरले की मुलांच्या माना दुखल्या. ते श्रीकृष्ण सरांकडे गेले. श्रीकृष्ण सर म्हणाले, "आजीले खरं सांग." ते सलोनीकडे गेले. "सलोनी, शपथ मोडू दे मला. आजीला कळलं तर ती तुला नेणार नाही."

सलोनीने पुस्तक मिटलं. "नाही."

"अगं, तू आत्ता कुठे वाचायला लागलीस. तिकडे गेलीस तर सगळं जाईल."

"जाऊ द्या. आजी साऱ्या गावाले सांगत फिरते, माही नात नंबर एक. मी तोंड कसं दाखवू? मी जातो मारेगावले. तिकडं कोनी वाच मनत नाही."

सर उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांना एकाच वेळी चार उपाय सुचले आणि चारही एकमेकांच्या अंगावर पडले. घरी स्पृहाने विचारलं, "काय झालं?" तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. ती घाबरली. सर उत्तर न देता राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाजाराच्या दिवशी काळीपिवळी शाळेसमोरच उभी राहिली. आत बाया, टपावर गाठोडी, आणि स्टेअरिंगमागे बबलू, घाईत. मैनाबाई सलोनीला घ्यायला शाळेत आली. तिच्यामागे दोघीचौघी बायाही उतरून आल्या. कोठीशेजारच्या खोलीत सलोनी पेटीजवळ उभी होती, दप्तर पाठीला. सर खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"चाल माय," मैनाबाई म्हणाली. मग बायांकडे वळून, "थांबा जराशा. जाता जाता ऐका तं खरं. सलोनी, एक डाव वाचून दाखव ह्याइले. सभेत वाचलं तसं."

सरांचा हात आपोआप पाठ्यपुस्तकाकडे गेला. पहिला पाठ. तो सलोनी डोळे मिटून म्हणेल, आजी खूश होईल, गाडी निघून जाईल, शपथही राहील. सरांच्या हातात पुस्तक आलं होतं. पण ते पुढे करायला हात तयार होईना. आयुष्यात प्रथमच सरांना कोणती घाई करावी ते समजत नव्हतं.

सलोनीने त्या पुस्तकाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग खाली वाकून पेटीतून शेळीचं पुस्तक काढलं आणि अजून न वाचलेलं पान उघडलं.

"कंडक्… टर… म्हना… म्हणाला." मोठा थांबा. "शे… ळीचं… ति… कीट…"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मैनाबाईचं हसू ओठांवरच सुकलं. सरांकडे सुपारी नव्हती. त्यांनी सरळ हाताने तोंड दाबून धरलं. बाहेर बबलूने हॉर्न वाजवला. सलोनी घामाघूम झाली होती, पण तिने मान वर केली नाही. सरांच्या ओठांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"…अर्… धं… लागेल."

"हे काय जी, सर?" मैनाबाई कडाडली. "दसऱ्यात तं घडघडा वाचे! आता बैल चिखलात रुतल्यावानी अटकून राह्यली! काय केलं तुमी माह्या पोरीचं? चांगली वाचत होती, शाळेनं बिघडवून टाकली!"

"बिघडवली नाही आजी, ती सु…"

"आजी," सलोनी मध्येच म्हणाली, "तवा मी वाचत नोहती. सर म्हनत, मी त्याइच्या मागून म्हनो. आता मी वाचून राह्यली."

बेबीताई दारात तशीच उभी राहिली. मैनाबाईने सलोनीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि मग बराच वेळ सरांकडे बघितलं.

"मंजे सभेत तुमी बोलले थे…"

"आजी, माझं चु…" सर म्हणाले आणि थांबले. उरलेला अर्धा शब्द कुणीच उचलला नाही. मैनाबाई वाट बघत राहिली. बायाही बघत राहिल्या. सरांनी दोनदा श्वास घेतला. "…कलं," ते म्हणाले. "चुकलं."

मैनाबाई पेटीवर बसली. पदराने तोंड पुसलं. रागावली होती हे दिसतच होतं, पण नेमकं कुणावर, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"आनि कदी येईन घडघडा?"

"रोज बसलो तर… " सर म्हणाले, "सांगता येत नाही आजी. पण येईल."

"तुमी बसान रोज? तुमी?" बायांत खसखस पिकली. साऱ्या गावाला सरांची खुर्ची माहीत होती.

"बसून राह्यले वो माय," बेबीताई दारातून म्हणाली. "मी पाहतो ना रोज. घामाने डबडबून जाते मानूस."

बाहेरून हॉर्न पुन्हा वाजला, या वेळेला लांब. मैनाबाई उठली, सलोनीच्या पाठीवरचं दप्तर काढलं आणि बेबीताईच्या हातात दिलं.

"बेबी, पोरगी तुह्याकडं राहू दे. मी एकलीच जातो. ज्वारीचं पीठ डब्यात भरून ठेवलं हाय. आनि सर, मी आली का पयले तपासून घेईन. बिघडलेली वस्तू मी परत घेत नाही."

"हो आजी."

सलोनीने आजीकडे पाहिलं, पण डोळे पुसायला तिला सवड नव्हती. बोट पुस्तकात अडकलेलं होतं. मैनाबाई दारापर्यंत गेली. तिथे थबकली. वळली.

"मंग? अर्धं तिकीट लागन म्हने, तं शेळीनं काय केलं?"

सलोनीने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "शे… ळीनं… ग… ळ्या… तली…" पुढचा शब्द जोडाक्षराचा होता, लांबलचक. ती थांबली. बाया थांबल्या. सर दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, ओठ दाताखाली धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. पुढचा शब्द त्यांच्या अगदी जिभेच्या टोकावर होता. खिडकीतून बबलूने मुंडकं आत घातलं. "चाला ना वो बाया! मारेगावले पोचता पोचता दिवस बुडते!"

"चूप रे!" मैनाबाई त्याच्यावर वसकली. "शेळी अजून गाडीतच हाय. तिले उतरू दे पयले."